हंसराजाला पाणी कोणी घातलं?

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतो आहे. खरं सांगायचं तर जेवताना वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई पिंपळाखाली उभी राहिली की मी आणखी थोडी आमटी वाढून घेतो... म्हणजे माझा विश्वास किती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यातून मी ओझरच्या कारखान्यात स्टोअर्सला. आमच्याकडे एक वॉशर कमी भरला तरी तो का कमी भरला हे वर सांगावं लागतं. "कळत नाही साहेब" हे उत्तर तिथे चालत नाही. अशा माणसाला दहाएक वर्षं झाली तरी जे कळलेलं नाही, ते आज लिहितो आहे. सौ. म्हणाली, "लिहा, पण माझं नाव घालू नका." म्हणून इथे तिला नलू म्हणतो. तिचं नाव नलूच आहे.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही नाशकात, पंचवटीच्या पुढे आग्रा रोडला लागून असलेल्या एका सोसायटीत राहायला आलो होतो. तळमजला, पुढे ओटा, आणि उजव्या हाताला एक लांबट अंगण. अंगणाला छातीएवढी भिंत, लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. अंगणातच नळ. या अंगणापायीच मी ते घर घेतलं. नलूला हवं होतं ते दुसरं, मोठ्या स्वयंपाकघराचं. तो विषय आमच्या घरात अजून चालू आहे.

मला झाडांचा नाद. भाजीपाल्याचा नव्हे, शोभेच्या झाडांचा. क्रोटन, कोलियस, बिगोनिया, कॅलेडियम... पत्र्याच्या तेलाच्या डब्यांना गेरू लावून त्यात लावलेली. आमच्या आईला हे अजिबात पसंत नव्हतं. "खाता येत नाही, देवाला चालत नाही, औषधाला लागत नाही. मग हे काय पाहुणे म्हणून ठेवलेत?" असं ती जाईपर्यंत म्हणत होती.

या सगळ्यांत माझा लाडका म्हणजे हंसराज. विहिरीच्या आतल्या अंगाला, ओलाव्याच्या जागी उगवतो तो. काळ्या तारेसारखे देठ आणि त्यावर नखाएवढी हिरवी पानं. दिसायला इतका नाजूक की त्याच्याजवळ मोठ्यानं बोलू नये असं वाटतं. ज्यांनी तो पाळला आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो... नाशिकच्या मे महिन्यात हंसराजाला एक दिवस पाणी चुकलं तर दुसऱ्या दिवशी कुंडीत चहाचा चोथा ठेवल्यासारखा दिसतो. मग कितीही पाणी घाला, माफी नाही.

आता शशी. शशी माझ्याच खात्यात, माझ्याच टेबलासमोर. निफाडकडचा, शेतकऱ्याघरचा, डावखुरा आणि अखंड बोलणारा. आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. कंपनीच्या बसमध्ये आमची जागा ठरलेली. मी खिडकीशी, तो शेजारी, म्हणजे जाता-येता मला पळायला वाव नाही. रविवारी आम्ही स्कूटरवरून नर्सऱ्या पालथ्या घालायचो. माझी नजर कायम भरगच्च फुललेल्या झाडावर जायची.

"ते नको घेऊ सायेब," शशी म्हणायचा. मला तो चेष्टेनं सायेब म्हणायचा. "फुलावर आलेलं झाड म्हंजे लगीन ठरलेली पोरगी. तुझ्याकडं चार दिवस राहील, मग हाय का नाय पत्ता?"

तो कुंडी उलटी करून खालच्या भोकातून मुळं बघायचा, पानं उलटी करून कीड बघायचा आणि कोपऱ्यातलं कुणी न विचारलेलं रोप उचलायचा. मी तरी फुललेलंच घ्यायचो. महिन्याभरात माझं वाळायचं आणि त्याचं फुटायचं. मग तो बसमध्ये मोठ्यानं विचारायचा, "कशी हाय नवरी?"

अशा रविवारांतूनच आमचं ठरलं होतं... दोघांनी मिळून नर्सरी काढायची. निफाडच्या बाजूला थोडी जागा बघायची, सुरुवातीला नोकरी सांभाळून करायचं, जमलं तर कारखाना सोडायचा. नाव मी सुचवलं होतं, 'वाफा'. अंगणातल्या मातीत काडीनं रेघा ओढून आम्ही आख्खी नर्सरी मांडली होती. फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताला बांबूच्या तट्ट्यांची सावली, तिच्या टोकाला नळ, नळाच्या ओलीला हंसराज आणि इतर फर्न, उन्हाच्या बाजूला गुलाब. नलू चहा घेऊन आली की त्या नर्सरीवरून चालत जायची आणि शशी ओरडायचा, "वैनी, गुलाबावर पाय दिला!"

हे सगळं सांगतोय कारण माझ्यापाशी स्वप्न म्हणण्यासारखं तेवढंच एक होतं. बाकी वॉशर.

त्या वर्षी मे महिन्यात सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि आम्ही सगळे महिनाभर कोल्हापूरला गेलो. फाटकाला एकच किल्ली, ती शशीकडे दिली. त्याची बायको-मुलं माहेरी गेलेली होती, तो एकटाच होता.

"हंसराजाला दोनदा घाल रे बाबा," मी दहाव्यांदा म्हणालो.

"सायेब, तू सासऱ्याचे डोळे बघ. हंसराज माझ्यावर सोड."

जूनच्या सुरुवातीला परत आलो. रिक्षातून उतरलो तो सामान तसंच टाकून फाटकाशी धावलो. किल्ली शशीकडे, म्हणून भिंतीवरूनच डोकावलो... आणि तसाच उभा राहिलो. अंगण असं मी कधी पाहिलंच नव्हतं. कोलियसला एक तुरा शिल्लक नव्हता, सगळे वेळच्या वेळी खुडलेले. क्रोटन पुसल्यासारखे चकचकीत. कलंडलेल्या ड्रॅसिनाला बांबूची काठी रोवून केळीच्या सोपटानं बांधलेलं. आणि हंसराज कुंडीच्या बाहेर ओसंडलेला, कोवळा, पोपटी.

शेजारच्या कुंदाकाकूंची स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या अंगणावर उघडते. त्या खिडकीतूनच म्हणाल्या, "मित्र असावा तर असा हो! रोज सकाळी खिडकी उघडावी तर हा आपला हजर. एवढ्या उन्हात डोक्याला टोपी नाही. मी म्हटलं, शशी, चहा टाकते. तर नुसती मान हलवून नको म्हणाला. त्याचा उपासबिपास होता का काही?"

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र चिडलेले होते. "तुमच्या त्या मित्राला सांगा, पाणी सोसायटीचं आहे. मी भिंतीपाशी उभा राहून त्याला झापलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं! मघाशी पाणी घातलेल्या कुंडीला पुन्हा पाणी!"

मी पेढे घेऊन शशीच्या घरी गेलो. दार त्यानंच उघडलं. उन्हानं रापलेला, थोडा लंगडत होता. मी त्याला मिठीच मारली. माझ्यासारख्या माणसाला हे शोभत नाही, पण मारली. "अरे काय जगवलायस हंसराज! माझ्या हातून झालं नसतं."

तो क्षणभर गप्प राहिला. शशी गप्प राहिला हेच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग हसून म्हणाला, "त्यात काय मोठं," आणि पेढा तोंडात टाकला.

मी काय काय केलं म्हणून सांगू! बसमध्ये सगळ्यांना ऐकवलं. मेहुण्याला पत्रातून कळवलं. नलूला म्हणालो, "भागीदार म्हणून देवानं पाठवलाय." आणि कृतज्ञता म्हणून हंसराजाचा गड्डा सोडवून अर्धा त्याला दिला. जीव तुटला, पण दिला.

दिवाळी झाली. नर्सरीचा विषय काढला की शशी म्हणायचा, "होईल रे, घाई काय?" तुळशीची लग्नं लागली आणि खात्यातल्या एकाच्या भावाच्या लग्नाला मी निफाडला गेलो. शशी म्हणाला होता, त्याला बरं नाही. स्टँडवर उतरून मांडवाकडे चालत निघालो आणि रस्त्याकडेला, द्राक्षाच्या मळ्याला लागून एक नवी पाटी दिसली. हिरव्या अक्षरांत : वाफा.

पहिल्यांदा मला हसू आलं. म्हटलं, कुणाला तरी हेच नाव सुचलं की! बघू तरी, म्हणून आत शिरलो. डाव्या हाताला बांबूच्या तट्ट्यांची सावली. मी न बघताच सावलीच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि तिथे नळ होता. असणारच होता, तो मीच तिथे ठेवला होता... काडीनं. नळाच्या ओलीला हंसराजाच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या. कुणाची पिल्लं ती, हे मला सांगायला नको होतं.

एक धिप्पाड गृहस्थ हात पुसत आले. "या सायेब, काय दावू? हंसराज घ्या, लय नाजूक जात हाय, हितं कुणाकडं भेटायचा नाय."

"नर्सरी नवीन दिसते."

"मे मधी उभी केली. माझी जागा आन् माझ्या साडूचं डोकं. शशीभाऊ नाव. ओझरला कारखान्यात हाय. रजा टाकून आख्खा मे महिना हितून हलला नाय बघा गडी! मधी पायावर बल्ली पडली, पाय ह्यो एवढा सुजला, तरी बाजंवर बसून पिशव्या भरत व्हता."

"आख्खा मे?" मी विचारलं. "नाशिकला गेलेच नाहीत मध्ये?"

"कशानं जातोय! पाय टेकत नव्हता."

त्याही वेळी मी मनातल्या मनात शशीचीच बाजू घेतली, हा माझा बावळटपणा नोंदवून ठेवतो. म्हटलं, साडू फुशारकी मारतो आहे. शशी नाशकात होता, कुंदाकाकूंनी पाहिलाय, सेक्रेटरींनी झापलाय... मग नर्सरीचं काहीतरी वेगळं असेल, तो सांगणार असेल, मला चकित करायचं असेल. मांडवात गेलो, अक्षता टाकल्या. पंगतीला कोणती भाजी होती ते आठवत नाही, आणि माझ्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

रविवारी शशी नेहमीसारखा आला. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. मी म्हणालो, "वाफा छान उभी केलीस."

त्यानं कप खाली ठेवला. खूप वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग म्हणाला, "साडूची जागा हाय रे. त्याचीच हीर. तो म्हणला, भागीदार दोघंच, तिसरा नको. मी तुला सांगणारच व्हतो."

"कधी?"

"तू आलास तवाच. पर तू दारात पेढे घेऊन उभा! मला मिठी मारलीस. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

"म्हणजे पेढ्यांचा दोष."

"तसं नाय रे सायेब..."

"नाव तरी दुसरं ठेवायचं होतंस, शशी."

नलू दारात उभी होती. ती एकदम म्हणाली, "भावजी, पण तुम्ही मे महिन्यात निफाडला होतात तर इथे पाणी कोण घालत होतं?"

शशीनं मान वर केली. "तेच मला इचारायचं व्हतं वैनी. मी आलोच नाय. किल्ली माझ्या खिशात, मी निफाडला. परत आलो तवा म्हनलं, सगळं जळलं आसंल, आता ह्याला काय तोंड दावू... तर हा म्हनतो, काय जगवलंस! मला वाटलं, तुम्ही काकूंना सांगून ठेवलं आसंल आन् ह्याचा काय तरी घोळ झाला. मी गप्प बसलो."

"काकू म्हणतात, तूच होतास," मी म्हणालो. "रोज."

"थट्टा करू नको."

मी कुंदाकाकूंना हाक मारली. त्या खिडकीत आल्या, शशीकडे बघून प्रेमानं हसल्या. "काय रे, आज बोलतोयस वाटतं? मे महिन्यात मौन होतं! नुसती मान हलवायचा हो. आणि येताना-जाताना कधी दिसायचाच नाही. खिडकी उघडली की आपला असायचाच."

शशीचा चेहरा मला अजून दिसतो. आधीची शरम होती ती कुठच्या कुठे गेली होती. तो उठला, ड्रॅसिनाच्या काठीपाशी गेला. सोपट वाळून तपकिरी झालं होतं, पण गाठ तशीच होती. त्यानं गाठीवरून बोट फिरवलं. आपण उजव्या हातानं मारतो त्याच्या उलटा पीळ, वर एक आडवा वेढा. त्या गाठीवरून मी त्याला नेहमी चिडवायचो, कारण मला ती कधी सुटायची नाही.

"ही माझी गाठ हाय," तो म्हणाला. "पर मी नाय बांधली."

चहा तसाच राहिला. फाटकाबाहेर पडताना त्यानं एकदा मागे वळून अंगणाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. पुढे त्यानं कारखाना सोडला. तोपर्यंतचे काही महिने बसमध्ये मी पुढे बसायचो आणि तो मागे. माझ्या शेजारी अकाउंट्सचे एक गृहस्थ बसायला लागले. ते घोरायचे. मला खिडकीतून पळून जावंसं वाटायचं, ते वेगळ्या कारणानं.

आता तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यांना भास झाला असेल. दोघांना, रोज, महिनाभर? बरं, भासानं हंसराज जगतो का? कुणी म्हणालं, कुलूप दुसऱ्या कुणी उघडलं असेल. उघडलं असेल, पण शशीचा चेहरा लावून कशाला? एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या मातोश्री असतील." मी म्हणालो, "आई परत आली असती तर आधी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघितले असते, आणि या झाडांना तर मुद्दाम पाणी घातलं नसतं."

मी माझ्यापुरता एक हिशेब मांडला, तो सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटायला लागलं की शशी दोन आहेत. एक, ज्यानं माझं स्वप्न माझ्याच रेघांसकट उचलून निफाडला नेलं. आणि दुसरा, जो दिलेला शब्द पाळायला रोज सकाळी उन्हात येऊन उभा राहिला. न बोलता. बोलका होता त्यानं फसवलं, मुका होता त्यानं निभावलं... या विचारानं मला त्या दिवसांत फार आधार दिला. रविवारी एकटाच अंगणात बसायचो, दुसरी खुर्ची मात्र टाकायचो. नलूनं दोनदा ती उचलून आत नेली.

पुढच्या मे महिन्यात कोल्हापूरला जायचं ठरलं. मेहुणीचं लग्न होतं. कुंदाकाकू म्हणाल्या, "किल्ली द्या, मी घालीन पाणी."

"नको काकू, व्यवस्था झाली आहे," मी म्हणालो.

नलूनं मला आत ओढलं. "कसली व्यवस्था?"

मी अंगणाकडे पाहिलं.

"त्याची? तो येईल असं वाटतंय तुम्हाला?"

"गेल्या वर्षी आला होता."

"अहो, गेल्या वर्षी निदान कुणाला तरी सांगितलं होतं आपण! या वेळी सांगितलंय कुणाला?"

"त्यालाच सांगणार आहे," मी म्हणालो. नलूनं कपाळावर हात मारला.

निघताना सगळे रिक्षात बसले आणि मी "फाटक बघून येतो" म्हणून अंगणात गेलो. हंसराज त्या वर्षी कधी नव्हे एवढा भरला होता. रिकाम्या अंगणात उभं राहून, स्टोअर्समधला मी, मोठ्यानं म्हणालो, "येतो रे. दोनदा घाल." कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच खिशात ठेवली.

कोल्हापूरला मी इतका निश्चिंत होतो की सासऱ्यांनी नलूला विचारलं, "जावईबापूंची प्रकृती बरी आहे ना? या वेळी झाडांचं नाव नाही काढलं."

परत आलो. या वेळी धावलो नाही, सावकाश गेलो. कुलूप उघडलं. क्रोटनच्या नुसत्या काठ्या उभ्या होत्या. कोलियसचं तर काय, डब्यात काही होतं हेही कळत नव्हतं. माती कडा सोडून आत आक्रसली होती. हंसराजाला हात लावला, तो बोटांवर भुगा आला.

काकू खिडकीत आल्या. "कुणीच फिरकलं नाही हो! मी रोज बघत होते. म्हटलं, व्यवस्था झाली आहे म्हणालात, आपण मध्ये कशाला पडा. आणि किल्ली कुठे होती माझ्याकडे? शेवटी राहवेना म्हणून भिंतीवरून दोन तांबे पाणी फेकलं, ते जिथे पोचलं तिथे पोचलं."

टोमणा मारायची एवढी आयती संधी नलूनं सोडली, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजा. तिनं फक्त एक कुंडी उचलून आडवी केली आणि माती झटकली.

पहिल्या वर्षी तो का आला आणि दुसऱ्या वर्षी का नाही, यावर मी खूप डोकं चालवलं आहे. काही हाती लागलेलं नाही. तो कोण होता हेच ठाऊक नाही, तर त्याचं काय चुकलं, माझं काय चुकलं, हे कसं कळणार? पण त्या दिवशी भुगा झालेला हंसराज हातात घेऊन मी अंगणात उभा होतो, आणि मला राग आला तो शशीचा नाही. शशी निदान समोर येऊन बसला होता. माती उकरत का होईना, त्यानं कारण सांगितलं होतं. त्याच्याशी भांडता आलं.

याच्याशी भांडायला मी कुठे जाऊ?